खिडकीत वाजलेला मोबाईल

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर सगळ्यांत आधी माझ्या काचेवरची तड तुमच्या बोटाला लागेल. घाबरू नका, ती कापत नाही. वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे. माझी पाठ एके काळी निळी होती. आता ती कोणत्या रंगाची आहे, हे सांगणं अवघड आहे. बॅटरी अशी झाली आहे की वायर काढली की थोड्याच वेळात माझे डोळे मिटतात. मी एक जुना मोबाईल आहे. हिंगणघाटातल्या एका घराच्या ओसरीत, बाजेच्या पायाशी, सतत वायरीला बांधलेला असा मी दिवस काढतो. तरीही माझं आयुष्य वाया गेलं असं मला वाटत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ तिथे एका रांगेत पडलेले होते. त्यापलीकडचं काही मला आठवत नाही. मला जाग आली ती अश्वजितच्या हातात. अश्वजित तेव्हा नुकताच कॉलेजात गेला होता. त्याने माझ्यात गाणी भरली, फोटो भरले, नाना तऱ्हेचे खेळ भरले. त्यात एक बुद्धिबळाचाही होता. मित्राशी पैज लागली म्हणून तो चार दिवस खेळला आणि विसरून गेला. पुढे तो शिकायला पुण्याला निघाला, तेव्हा त्याने नवा मोबाईल घेतला आणि मला आईच्या हाती दिलं. "आई, तुह्या त्या बटनाच्या डबड्यापेक्षा हा बरा," असं म्हणाला आणि गाडीत बसला.

त्याची आई म्हणजे सरिताताई. त्या समुद्रपूरच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होत्या. रोज सकाळी एसटीने जायच्या, संध्याकाळी एसटीने यायच्या. म्हातारे आई-वडील घरात होते, तरी मुलगा गेल्यावर घर सुनं झालं होतं. बसमध्ये शेजारची बाई बोलायला लागली तरी सरिताताईंचं लक्ष खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांत असायचं. एका सकाळी मुलाचे फोटो शोधता शोधता त्यांच्या बोटाखाली तो बुद्धिबळाचा खेळ उघडला. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट समोर आला आणि त्या इतक्या दचकल्या, की मी त्यांच्या हातातून पडता पडता वाचलो.

त्या पटाशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांचे वडील नत्थूबाबा हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत कामाला होते. पाळी सुटली की गिरणीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर डाव मांडला जायचा. नत्थूबाबा आणि त्यांचे दोस्त बापूजी हे तिथले नावाजलेले खेळाडू. छोटी सरिता वडिलांच्या गुडघ्याला टेकून बघत बसायची आणि बघता बघता खेळायला शिकली. एकदा तिने टपरीवरच्या एका मोठ्या माणसाला मात दिली. तो माणूस लालबुंद झाला. त्याने हाताच्या एका फटक्यात सगळा पट उधळून दिला आणि म्हणाला, "आता पोरीसंग खेळाचं काय आमी?" मोहरे चिखलात पडले. कोणी उचलायला वाकलं नाही. सरिताने ते एकेक करून फ्रॉकच्या ओच्यात गोळा केले. त्यानंतर ती टपरीवर गेली नाही. पुढे गिरणीही बंद झाली, टपरीही उठली, बापूजी मुलाकडे चंद्रपूरला गेले. नत्थूबाबांच्या बोलण्यात मात्र ती टपरी जिवंत राहिली. आजही चहा पिताना ते कधी तरी मध्येच थांबतात आणि म्हणतात, "बापूजीचा उंट मोठा वंगाळ होता बाप्पा."

तर मित्रांनो, असा तो पट सरिताताईंसमोर पुन्हा आला. त्यांनी खेळ सुरू करायचं बटण दाबलं. समोर कुठल्या तरी दूरच्या देशाचा झेंडा आणि एक अनोळखी नाव उमटलं. दहा मिनिटांचा डाव. आणि त्या सपाटून हरल्या!

गंमत अशी की त्यांना येत होतं ते आपलं देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. इथले नियम वेगळे. समोरच्याची प्यादी पहिल्याच चालीला दोन घरं टुणकन उडत होती. सरिताताई राजाला उडी मारायला लावायच्या आणि मी त्याला जागचा हलू द्यायचो नाही. एकदा त्यांनीही आपलं प्यादं दोन घरं उडवलं, तर समोरच्याने ते बाजूने जाता जाता गिळलं. त्यांनी तडक पुण्याला फोन लावला.

"अश्वू, तुहा मोबाईल बिघडला. प्यादे गायब करून राह्यला."

अश्वजित पोट धरधरून हसला. मग त्याने नीट समजावून सांगितलं, की जगभर असंच खेळतात. सरिताताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जगाले कोणी सांगतलं असं खेळाले?" पण दुसऱ्या दिवशी बस आगारातून निघताच त्यांनी मला पर्समधून बाहेर काढलं.

तिथून आमचे सोन्याचे दिवस सुरू झाले. जाताना एक-दोन डाव, येताना एक-दोन डाव. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर दांड्याला एका हाताने धरून अंगठ्याने चाली. कंडक्टरसुद्धा ओळखायला लागला. तिकीट देताना हळूच विचारायचा, "ताई, शह हाय का?" आमचा एकच वैरी होता. जाम गावचा चौरस्ता सोडून गाडी आत वळली की माझी रेंज जायची. जिंकत आलेला डाव तिथे अडकायचा आणि रेंज परत येईपर्यंत सरिताताईंची वेळ संपलेली असायची. त्या बिचाऱ्या मला उंच धरून बघायच्या, खिडकीबाहेर काढून बघायच्या. मीही जीव तोडून शोधायचो. शेवटी त्यांनीच तोड काढली. जाम जवळ आलं की त्या नवा डाव मांडायच्याच नाहीत. तेवढ्या वाटेत आधीचा डाव पुन्हा पुढे-मागे करून बघायच्या, कुठे चुकलं ते शोधायच्या. मला वाटतं, त्या रेंज नसलेल्या वाटेवरच त्या खऱ्या खेळायला शिकल्या.

खेळातल्या प्रत्येकाला एक आकडा असतो. जिंकलं की तो चढतो, हरलं की उतरतो. सरिताताईंचा आकडा आधी उतरत उतरत सहाशेच्याही खाली गेला. मग तो हळूहळू वर सरकू लागला. त्यांच्या खेळण्याच्या काही सवयी होत्या. पहिली चाल नेहमी घोड्याची. वजीर लवकर बाहेर काढायचा नाही. हरला डाव अर्धवट सोडायचा नाही, मात होईपर्यंत बसायचं. आणि लागोपाठ दोनदा हरलं की मला पर्समध्ये टाकून द्यायचं, रागाने तिसरा डाव मांडायचा नाही.

पण एक खोडही होती. डाव जिंकत आला की त्यांचं बोट आपोआप बरोबरीच्या बटणाकडे जायचं. समोरचा कसला सोडतो? तो लगेच हो म्हणायचा. असे कितीतरी जिंकलेले डाव त्यांनी वाटून टाकले. आकडा हजाराच्या आसपास येऊन अडकला. सुट्टीत घरी आलेल्या अश्वजितने हे पाहिलं आणि तो चक्रावला.

"आई, तू जितून राह्यली होती. मंग बरोबरी काऊन मागतली?"

"बरं नाई वाटत रे," सरिताताई म्हणाल्या.

"कोणाले?"

त्या उठून कुकर लावायला गेल्या. पलीकडे नत्थूबाबा सुपारी कातरत बसले होते. त्यांचा अडकित्ता थांबला होता, एवढं मी पाहिलं.

नत्थूबाबा लेकीकडेच राहत. तानाबाई, म्हणजे सरिताताईंच्या आई, त्याही तिथेच. जावई कामानिमित्त बाहेरगावी असत. संध्याकाळी सरिताताई बाबांना दिवसभराच्या डावांची हकिकत सांगायच्या. "आज इजिप्त देशाचा माणूस होता, बाबा." नत्थूबाबा विचारायचे, "त्याले मराठी येते काय?" माझ्याबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. "मोहरा हाताले लागत नाई, समोरच्याचं तोंड दिसत नाई. हा कायचा डाव?" असं ते म्हणायचे. पण रोज हकिकत ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

एक दिवस अश्वजितनेच पुण्याहून बातमी दिली. वर्ध्यात एका शाळेत जिल्ह्यातल्या हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. त्याने आईला न विचारता तिचं नाव नोंदवून टाकलं. सरिताताई आधी रागावल्या, मग घाबरल्या, मग रविवारी पहाटेच उठून डबा करायला लागल्या. नत्थूबाबा पांढरा सदरा घालून दारात उभे.

"तुमी कुठी चालले, बाबा?"

"मलेही पाह्यचं हाय."

तानाबाई आतून म्हणाल्या, "ने त्याले. नाईतर दिवसभर माह्यं डोकं खाते."

शाळेच्या सभागृहाच्या दाराशीच पाटी होती: मोबाईल आत नेऊ नये. सरिताताईंनी मला बाबांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. इतके डाव आम्ही बरोबर खेळलो आणि खऱ्या पटाच्या दिवशी मी बाहेर! पण नियम तो नियम.

दुपारी डबा खायला सरिताताई बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पहिलाच डाव त्या हरल्या होत्या. माझ्यावर घड्याळ आपोआप चालतं. तिथे चाल खेळून झाली की आपल्या हाताने घड्याळ दाबावं लागतं. त्या दाबायच्याच विसरल्या. शिवाय माझ्या काचेवरचे मोहरे म्हणजे सपाट चित्रं. इथे उंच लाकडी वजिरामागे समोरचा उंट लपला, तो त्यांना दिसलाच नाही.

"घरी जाऊ काय, बाबा?"

नत्थूबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "जेव पह्यले," ते म्हणाले. "टपरीवर घड्याळ नव्हतं म्हणून आमी शहाणे होतो."

सरिताताई हसल्या. दुपारचा पहिला डाव त्या जिंकल्या. पुढचा डाव होता गजेंद्रभाऊंशी. ते आर्वीचे कापडाचे व्यापारी. उमदा माणूस, सगळ्यांशी हसून बोलणारा. दर वर्षी या स्पर्धेत पहिल्या काही जणांत असायचे.

नत्थूबाबांना झाडाखाली बसवेना. ते सभागृहाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून सरिताताईंचा पट नीट दिसत होता. बाबांच्या खिशाच्या वर माझा जेमतेम कोपरा बाहेर आलेला, त्यामुळे मलाही थोडंफार दिसत होतं. बाबांची एक लकब होती. डाव बघताना त्यांची बोटं हवेत हलायची, जणू मोहरा उचलताहेत. ओठ पुटपुटायचे. त्यांचं त्यांना भानही नसायचं.

आणि नेमका तेव्हाच पुण्याहून अश्वजितचा फोन आला.

मी वाजलो. खिडकीत, भर शांततेत, मोठ्या आवाजात वाजलो. बाबांनी मला घाईने बाहेर काढलं. मला कसं गप्प करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सगळीकडे बोट दाबत होते आणि मी वाजतच होतो. सभागृहातल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. पटावर गजेंद्रभाऊंची परिस्थिती बरी नव्हती. त्यांचं एक प्यादं गेलं होतं आणि राजा कोपऱ्यात अडकला होता. ते ताडकन उठले.

"हे काय चाललं? मी मघापासून पाहून राह्यलो, हे बाबा खिडकीतून हात हलवून राह्यले. अन् आता मोबाईल! बाहेरून चाली सांगून राह्यले काय?"

मुख्य पंच होत्या ज्योत्स्नाताई. त्यांनी दोन्ही बाजूंचं घड्याळ थांबवलं आणि त्या खिडकीशी आल्या. आवाज शांत होता, पण कडक होता.

"आजोबा, हा मोबाईल कोणाचा?"

"माह्या पोरीचा, म्याडम."

"जरा उघडून दाखवता?"

नत्थूबाबांनी मला दोन्ही हातांत धरलं. इकडे वळवलं, तिकडे वळवलं. त्यांच्या बोटांना घाम आला होता. सगळं सभागृह बघत होतं.

"मले याचं कुलूप खोलता येत नाई, म्याडम," ते हळू आवाजात म्हणाले. "मी निस्ता धरून हाय."

कोणीतरी मागे हसलं.

सरिताताई जागेवरून उठल्या. खुर्चीचा पाय फरशीवर कर्रकन वाजला. त्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी ज्योत्स्नाताईंच्या समोर मला उघडलं. आत काय होतं? अश्वजितचा न घेतलेला फोन, आणि त्याने पाठवलेलं एकच वाक्य, "आई, जेवली काय?" आणि बुद्धिबळाचा शेवटचा डाव आदल्या संध्याकाळचा. ज्योत्स्नाताईंनी सगळं नीट तपासलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "यात काही गैर नाही. डाव सुरू राहील. पण आजोबा, तुम्हाला खिडकीपासून दूर बसावं लागेल. मोबाईल माझ्या टेबलावर राहील."

"बरं म्याडम," नत्थूबाबा म्हणाले. ते फाटकाकडे चालत गेले. मी त्यांना पाठमोरं पाहिलं. सकाळी ताठ असलेला सदरा खांद्यांवर सैल पडल्यासारखा दिसत होता.

अशा रीतीने, मित्रांनो, मी सभागृहात आलो! ज्योत्स्नाताईंनी माझा आवाज बंद करून मला टेबलावर ठेवलं. लाकडी मोहऱ्यांचा टकटक आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पण मला आनंद कसा व्हावा? समोर सरिताताई बसल्या होत्या. त्यांचं घड्याळ चालू झालं होतं आणि त्या चालच खेळत नव्हत्या. नुसत्या पटाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या उठून जाणार.

गजेंद्रभाऊही ओशाळले होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "ताई, बरोबरी घेता काय?" ते म्हणाले. "झालं गेलं जाऊ द्या."

सरिताताईंनी मान वर केली. रिकाम्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग गजेंद्रभाऊंकडे पाहिलं.

"नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "खेळू."

त्यांनी घोडा उचलला, चाल केली आणि घड्याळ दाबलं. टक्. मग पुन्हा. टक्. त्यानंतर त्या एकदाही विसरल्या नाहीत. गजेंद्रभाऊ चिवट खेळले. एकदा तर त्यांनी असा शह दिला की ज्योत्स्नाताईसुद्धा पुढे वाकल्या. पण सरिताताईंचं एक प्यादं कडेकडेने, एकेक घर करत, शेवटच्या ओळीला जाऊन पोचलं. गजेंद्रभाऊंनी पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि आपला राजा हळूच आडवा केला.

सरिताताई मला घेऊन फाटकाशी आल्या. नत्थूबाबा दगडी कठड्यावर बसले होते. सरिताताई त्यांच्या शेजारी बसल्या.

"ते कडेचं प्यादं पोचलं, बाबा."

बाबांनी मान वळवली. "कोणत्या घरात पोचलं?"

"हत्तीच्या."

"मंग हत्ती झाला म्हन."

"नाई बाबा, तो आपला जुना नियम. इथं हत्तीच्या घरातही वजीर होते."

नत्थूबाबांनी थोडा विचार केला. "हा नियम बरा हाय," ते म्हणाले.

एवढ्यात गजेंद्रभाऊ तिथे आले. त्यांनी हात जोडले. "काका, माफ करजा. हरून राह्यलो होतो, तोंडातून निघून गेलं."

नत्थूबाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमी तो हत्ती मधातून काऊन हलवला? तिथीच डाव गेला तुमचा." मग ते दोघं कठड्यावर बसून त्या हत्तीबद्दल बोलत राहिले. शेवटी सरिताताईंनाच म्हणावं लागलं, "बाबा, गाडी निघून जाईन."

त्या स्पर्धेत सरिताताईंचा नंबर आला नाही. पण त्यांची ती खोड मात्र गेली. आता जिंकत आलेला डाव त्या जिंकायला लागल्या. आकडा हजाराच्या पुढे गेला, बाराशेच्या पुढे गेला. ज्या दिवशी तो तेराशेला टेकला, त्या दिवशी त्यांनी बसमध्ये कंडक्टरला पेढा दिला.

नत्थूबाबा मात्र माझ्याशी अबोला धरून होते. मी वाजलो की ते उठून परसात जायचे. मला कोणी त्यांच्या हातात दिलंच, तर विस्तव असल्यासारखं पटकन खाली ठेवायचे.

पुढे अश्वजितला नोकरी लागली आणि तो आईसाठी नवाकोरा मोबाईल घेऊन आला. मोठी काच, भरपूर रेंज. जामच्या पुढेही डाव चालायचा म्हणे. माझी रवानगी कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात झाली. सुया, बटणं, तुटकी साखळी आणि मी. मित्रांनो, अंधारात पडून राहण्यासारखं दुःख नाही. सकाळची बसची वेळ झाली की मला उगाचच हुरहूर लागायची. बाहेर सरिताताईंच्या चपलांचा आवाज यायचा, दार लागायचं आणि मग काहीच नसायचं. मी इजिप्तच्या त्या माणसाची आठवण काढत बसायचो. पावसाळा आल्याचं मला पत्र्याच्या थंडपणावरून कळलं, गेल्याचंही तसंच कळलं.

एका सकाळी डब्याचं झाकण उघडलं. वर नत्थूबाबांचा चेहरा होता.

"सरिता, हा चालते काय अजून?"

सरिताताई वेणी घालता घालता आल्या. "चालत असन. कायले?"

बाबांनी मला हातात घेतलं. मग म्हणाले, "त्या दिवशी त्या म्याडमनं खोलून दाखवा म्हटलं, अन् मले आलं नाई. शिकव मले."

तानाबाई हसल्या. "आता? दात पडल्यावर?"

"मोबाईल का दातानं खोलतेत?" बाबा म्हणाले.

सरिताताई मला वायर लावून त्यांच्याशेजारी बाजेवर बसल्या. त्या दिवशी त्यांची नेहमीची बस चुकली, पण त्यांनी घाई केली नाही. माझं जुनं कुलूप बाबांच्या लक्षात राहीना. आकडे विसरायचे, बोट घसरायचं. सरिताताईंनी थोडा विचार केला आणि नवं कुलूप बसवलं. ठिपक्यांवरून बोट दोन घरं सरळ न्यायचं आणि एक घर बाजूला वळवायचं.

"बाबा, घोडा चालवा."

नत्थूबाबांनी बोट ठेवलं. अडीच घरं. मी उघडलो. त्यांनी मला बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. मग मान वर करून तानाबाईंकडे असं पाहिलं, की तानाबाई लगबगीने चहा ठेवायला गेल्या.

आता मी नत्थूबाबांचा आहे. दहा मिनिटांचे डाव त्यांना मानवत नाहीत. ते दिवसाला एक-दोन चालींचे डाव खेळतात. सकाळी ऊन ओसरीत आलं की मला नाकाजवळ धरतात. समोर कोणत्याही देशाचा माणूस असो, पहिल्या चालीआधी त्याला मोठ्याने "जय भीम" म्हणतात. तो ऐकतो की नाही, याची त्यांना पर्वा नाही. राजाला अडीच घरांची उडी मारायला लावायची सवय अजून गेलेली नाही. मी ऐकलं नाही की म्हणतात, "हो बाप्पा, जगाचा नियम." त्यांचा आकडा पाचशेच्या आसपास आहे आणि तो वर जाईल अशी लक्षणं नाहीत. सरिताताईंशी त्यांचा एक डाव कायम चालू असतो. त्या कचेरीत डबा खाताना चाल खेळतात आणि इकडे मी ओसरीत हलकेच थरथरतो. बाबांची कळी खुलते. त्या बापाला मुद्दाम जिंकू देत नाहीत. तशी त्यांची आपसात बोलीच आहे.

मला माहीत आहे, माझे दिवस थोडे राहिले आहेत. बॅटरी फुगायला लागली आहे. दुकानदार म्हणाला, आता ती बदलून घ्या, नाहीतर याला टाकून द्या. अश्वजित दिवाळीला येईल तेव्हा बघू, असं ठरलं आहे. मला त्याची भीती वाटत नाही. माझ्यासारखे मोबाईल येतात आणि जातात.

पण मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी आजोबा, आजी असतील. तुम्ही हसत-खेळत जे चुटकीसरशी करता, ते त्यांना एकदा सांगून येणार नाही. दुसऱ्यांदाही कदाचित येणार नाही. त्यांच्या हातातून मोबाईल ओढून घेऊन, "सोडा, तुम्हाला नाही जमणार," असं म्हणू नका. बस चुकली तर चुकू द्या. त्यांच्या शेजारी बसा.

आता मला गप्प बसलं पाहिजे. ऊन ओसरीत आलं आहे आणि चाल नत्थूबाबांची आहे. त्यांचं बोट माझ्या काचेवर, तडीच्या अगदी जवळ, हवेतच थांबलं आहे. ते विचार करताहेत. त्यांना घाई करू नका.